आजीला गप्प बसवून इंग्रजी वाचता येत नाही

रविवारी भांडुपला ताईकडे गेले होते. भाची पहिलीत, इंग्रजी माध्यमात. आई तिला गोष्ट सांगायला बसली, तर पोर म्हणाली, "आजी, मराठीत नको, मम्मी ओरडेल." कारण सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: पहिलीत इंग्रजी वाचायला हवं असेल तर घरात मराठी बंद, बाराखडी तिसरीपर्यंत नको, शब्द फोडू नका, आख्खे पाठ करून घ्या, आणि सहाव्या वर्षी वाचलं नाही तर मूल कायमचं मागे.

मराठी बंद करा, हे धादांत चुकीचं आहे. बोललेल्या शब्दातले आवाज सुटे सुटे ऐकू येणं हा वाचनाचा पाया, आणि तो कान घरच्या भाषेतच तयार होतो. दुर्गुनोग्लू, नागी आणि हॅन्सिन-भट यांनी 1993 साली पहिलीतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना स्पॅनिशमधले आवाज सुटे करता येत होते, ती इंग्रजी शब्द चांगले वाचत होती, अगदी अर्थ नसलेले बनावट शब्दसुद्धा. इंग्रजी बोलणं किती सफाईदार, यावर ते ठरत नव्हतं. म्हणजे आजीच्या गोष्टी, बडबडगीतं, भेंड्या हीच तयारी आहे. लोकलमध्ये 'क्'ची स्टेशनं शोधायला लावा: करी रोड, कुर्ला, कांजूरमार्ग. पोरगी उद्या 'कॅट'मधला पहिला आवाज आपणहून ओळखेल. आणि हेच बंद करायचं म्हणे!

बाराखडीबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मानते. आपल्या 'ब'मध्ये 'अ' दडलेला असतो, म्हणून आपण 'बॅट' फोडताना 'बऽ-ॲ-टऽ' म्हणतो आणि मूल गोंधळतं. पण त्यासाठी बाराखडी कशाला लपवायची? अक्षराचा पाय मोडा: ब्, ॲ, ट्. मुलांना हे नवं नाही. 'घर' लिहितो, पण शेवटी म्हणतो 'र्'च. शिवाय स्वर बदलला की शब्द बदलतो, हे बाराखडीच शिकवते. पॅन, पेन, पिन यांत दुसरं काय आहे?

पाठांतराचं थोडक्यात. 'सेड' (said), 'वन' (one) असे स्पेलिंगप्रमाणे न वाचले जाणारे काही आडमुठे शब्द लक्षात ठेवावे लागतात, कबूल. पण सगळेच पाठ केले तर नवा शब्द आला की मूल पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकतं. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने 2000 सालीच सांगितलंय की अक्षर-आवाजाची जोडी क्रमाने शिकवणं लहान वर्गांत सर्वाधिक उपयोगी पडतं.

आणि सहाव्या वर्षाची भीती? 2021 मध्ये सुरू झालेल्या आपल्या निपुण भारत मोहिमेचं लक्ष्यच मुळी तिसरीअखेर समजून वाचता यावं, हे आहे.

ताई, आईची गोष्ट अर्धी राहिली आहे. आज रात्री तिला ती पुरी करू दे.