‘टेस्ट डॉट टीएक्सटी’ उघडली म्हणजे झाले

फाइलचे पाथ, म्हणजे संगणकातले तिचे पत्ते, हाताळणारे फंक्शन लिहून झाले की त्याची चाचणी अवश्य घ्यावी. त्यासाठी ‘सी’ ड्राइव्हवर ‘टेस्ट’ नावाचा फोल्डर करावा, त्यात ‘टेस्ट डॉट टीएक्सटी’ ही फाइल ठेवावी आणि ती उघडली की समाधानाने चहाला जावे.

नावातील रिकाम्या जागेचा विचार करू नये. २००१ साली ॲपलच्या आयट्यून्स २.० या गाण्यांच्या प्रोग्रॅमच्या मॅकवरील इन्स्टॉलरनेही तो केला नव्हता, आणि डिस्कच्या नावात स्पेस असलेल्या काही लोकांचे डिस्कचे विभागच पुसले गेले. एवढ्या मोठ्या कंपनीला जी चूक शोभली, ती आपल्याला न शोभायला काय झाले?

दोन पाथ जोडताना दुसरा भाग स्लॅशने सुरू होत असेल, तर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचे जोडणारे फंक्शन पहिला भाग निमूटपणे टाकून देते. त्यालाही काही स्वाभिमान आहे, असे समजून सोडून द्यावे.

‘कॉन’ आणि ‘ऑक्स’ ही नावे विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवली आहेत, पण तशा नावाची फाइल कोणी करतच नाही.

लांबीची चिंताही व्यर्थ आहे. लिनक्सवर एका नावाला साधारणपणे २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट खाते, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून ८५ चिन्हांत नाव संपते. शासन निर्णयांची शीर्षके ज्यांनी वाचली आहेत, त्यांना अधिक सांगायला नको.

देवनागरी नावांची चाचणी तर घेऊच नये, आणि फारच हौस असेल तर ‘नमस्कार’ नावाची एक फाइल उघडून पाहावी. ‘वऱ्हाड’ मात्र घेऊ नये, कारण त्यातला डोळ्यांना एकच दिसणारा अर्धा ‘ऱ’ संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो: इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर एका कळीने उमटणारे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, त्याखाली नुक्ता (म्हणजे टिंब) आणि हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. (‘करणाऱ्या’ आणि ‘देणाऱ्या’ हे शब्दही त्यानेच लिहिले जातात, तेव्हा मराठी माणसाने तो टाळावा म्हटले तरी कसा टाळावा?) मॅकची फाइली साठवण्याची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था पहिल्या प्रकाराचा दुसरा करून साठवते, तर लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमला ती सरळ दोन वेगळी नावे वाटतात. आमच्या जुन्या मॅकवर ‘वऱ्हाडची पत्रे’ नावाचा फोल्डर होता आणि त्यात आजोबांच्या पत्रांची स्कॅन केलेली पाने होती. पैसे मोजून घेतलेल्या एका बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये जतन करायच्या फोल्डरांची यादी मी माझ्या हाताने टंकित केली. त्या सॉफ्टवेअरने यादीतले नाव आणि डिस्कवरचे नाव बाइट-बाइट ताडून पाहिले, ते जुळले नाही, आणि ‘यादीत नसलेला फोल्डर’ म्हणून सर्व्हरवरची आधीची प्रत स्वच्छ पुसून टाकली. हे मला कळले ते गेल्या महिन्यात, मॅकची डिस्क बंद पडली त्या दिवशी. मूळ कागदांपैकी जे वाळवीतून वाचले, ते अकोल्याला मावशीकडे आहेत.

तक्रार केल्यावर उत्तर आले की आमच्याकडे सर्व व्यवस्थित चालते, आणि आपण फाइलींना नावे इंग्रजीत ठेवावीत.

आम्ही नावे ठेवायची ती इंग्रजीत, मग तुम्हाला ठेवतो ती तरी मराठीत चालतील ना? आता उपरोध पुरे. तुम्ही चाचणी घेतली नाहीत, एवढीच गोष्ट आहे. तुलनेपूर्वी दोन्ही नावे युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांच्या सामायिक चिन्हसंचाच्या, एकाच प्रमाण रूपात आणणे हे एका ओळीचे काम आहे, त्याची सोय पायथॉनमध्ये आयती दिलेली आहे, आणि त्या एका ओळीने माझा फोल्डर वाचला असता. जोडचिन्हाचा तिसरा प्रकार त्यातूनही निसटतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच न जुळणारी गोष्ट पुसण्यापूर्वी माणसाला विचारायचे असते. लोकांची कागदपत्रे पुसण्याचा अधिकार स्वतःच्या प्रोग्रॅमला देता, आणि त्याला दाखवायला चार वाईट नावे तुमच्याकडे नसतात? रिकामे नाव, नुसता स्लॅश, शेवटी टिंब, सुरुवातीला वजाचे चिन्ह, मधेच नवी ओळ, दोन टिंबांनी फोल्डरच्या बाहेर चढणारा पाथ: हे लिहून काढायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास आज काढा, आणि यादीत सर्वांत वर ‘वऱ्हाडची पत्रे’ लिहा, तिन्ही प्रकारांनी.