उसव म्हणायची आई

क्रोशाचा गोल रुमाल विणायला शिकवताना आई एकच गोष्ट बजावायची: टाके मोज. मुक्या खांबाचा (हा क्रोशाचा एक आखूड टाका) गोल सपाट बसायला हवा तर दर फेरीला साधारण सहा टाके वाढवायचे. कमी वाढवले की वाटी होते, पुढे टोपी. जास्त वाढवले की कडेला झालर सुटते. माझी कायम झालर सुटायची. आई नुसती बघायची आणि म्हणायची, "उसव."

त्या झालरीला गणितात नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे कडेकडे वाढत जाऊन मुरडणारा. लोबाचेव्हस्की आणि बोयाई या गणितज्ञांनी 19व्या शतकात अशा पृष्ठभागाची भूमिती मांडली, पण ती हातात धरायला देणं अवघड. कागदी पट्ट्या चिकटवून केलेली मॉडेलं नाजूक, चार जणांनी हाताळली की गेली. 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना ताइमिना या मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी असं एक मॉडेल पाहिलं आणि क्रोशाची सुई काढली. ठरावीक टाक्यांनंतर एक जादा टाका, प्रत्येक ओळीत. बास, एवढंच.

मी मागच्या महिन्यात करून बघितलं. वीस टाके, दर पाच टाक्यांमागे एक जादा. दहाव्या ओळीत सव्वाशेच्या घरात गेले. हाच हिशेब विसाव्या ओळीपर्यंत नेला तर साडेसातशेच्या वर जातो! कापड पसरायला जागा नसते म्हणून ते मुरडतं, कोंबड्याच्या फुलासारखं. मग घडी घातली. घडीची रेघ ही त्या पृष्ठभागावरची सरळ रेषा. लाल दोऱ्याने ती शिवली आणि बाहेरच्या एका बिंदूतून आणखी तीन घड्या घातल्या. तिन्ही लाल रेघेला कुठेच भेटेनात. शाळेत घोकलेलं, रेषेबाहेरच्या बिंदूतून समांतर रेषा एकच. इथे माझ्या मांडीवर तीन होत्या.

पुढची गोष्ट कलेची. 2005 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी याच टाक्यांतून प्रवाळ विणायला घेतले. एक विज्ञानलेखिका, दुसरी कला शिकवणारी, दोघी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या, म्हणजे ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळांच्या रांगेशेजारच्या. त्यांनी नियम मुद्दाम सैल केला, टाके कुठे कमी कुठे जास्त वाढवले, आणि लोकर जिवंत दिसायला लागली. प्लास्टिकच्या पिशव्या कापूनही विणलं. मग शहराशहरांतून हजारो लोक, बहुतेक बायकाच, आपापले प्रवाळ विणत गेले. 2019 मध्ये हे काम व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात होतं. लोकरीने समुद्रातला एकही प्रवाळ वाचत नाही, हे मलाही कळतं. पण समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकून पांढरा पडतो, हे मी आधी वाचून विसरले होते. माझ्या प्रवाळासाठी पांढरी लोकर निवडताना मात्र लक्षात राहिलं.

आता माझं म्हणणं. कला आणि विज्ञान एकत्र हा सध्या जोरात विषय आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत 2011 पासून कलाकारांसाठी कार्यक्रम आहे, बंगळुरूत 2024 मध्ये सायन्स गॅलरीची इमारत खुली झाली. आपल्याकडे तर मुंबईच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेच्या भिंतींवर होमी भाभांच्या काळापासून हुसेन आणि गायतोंडे यांची चित्रं आहेत. छानच आहे. पण भिंतीवरचं चित्र आणि आतली प्रयोगशाळा हा शेजार झाला. आणि मी पाहिलेल्या दोन-तीन 'आर्ट-सायन्स' प्रदर्शनांत अंधारी खोली, प्रोजेक्टर, निळा उजेड आणि न कळणारी पाटी यापलीकडे फारसं काही नव्हतं. विज्ञानाने सांगायचं आणि कलेने सजवायचं, असली वाटणी मला पटत नाही. क्रोशाने कागदाला न जमलेलं काम केलं. त्यासाठी लागणारं कसब बायकांच्या हातात आधीपासून होतं, आपण त्याला फावल्या वेळचा उद्योग म्हणत होतो. अशा प्रदर्शनाच्या पहिल्या बैठकीलाच एखादी विणणारी, एखादा कुंभार बोलवा की. उद्घाटनाला शाल द्यायला नको.

माझा प्रवाळ तेराव्या ओळीत अडकलाय, लोकर संपली. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "टाके वाढलेत."