वळणांचे जोड हाताने का घातले : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

माझ्या क्विल्टवरचा, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीसारख्या पांघरुणावरचा, लेख आपण बारकाईने वाचलात आणि मनात आले ते आडपडदा न ठेवता लिहिलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की टोकदार कमानी कागदावर मशीनने शिवायच्या आणि वळणांचे जोड तेवढे हाताने घालायचे, हा हौसेचा देखावा आहे. मशीनची शिवण अधिक टिकते. इतकी निरनिराळी कापडे एकत्र आल्याने क्विल्टमध्ये नुसता गलबला झाला आहे. आणि कागदी पद्धतीत कापड इतके वाया जाते की उरलेल्या तुकड्यांचा सदुपयोग वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. शेवटच्या मुद्द्यात बरेच तथ्य आहे. पहिला मुद्दा मला मुळीच पटत नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

ही रचना 'न्यूयॉर्क ब्यूटी' या नावाने ओळखली जाते. चौकोनाच्या एका कोपऱ्यात पाव वर्तुळ, त्याला वेढणारी टोकदार किरणांची कमान आणि कमानीबाहेरचा मोकळा भाग, असे तिचे तीन घटक असतात. म्हणजे प्रत्येक चौकोनात वळणाचे जोड दोन येतात आणि किरणांची टोके त्यांपैकी एका जोडाला अगदी टेकलेली असतात. किरण सरळ रेषांचे असल्यामुळे ते कागदावर छापलेल्या रेघेवरून मशीनने शिवणे सर्वांत अचूक ठरते. त्या कामात हाताला वेगळे काही साधता येत नाही, म्हणून तिथे मी हाताचा आग्रह धरला नाही. वळणाची गोष्ट वेगळी आहे. कमानीत शिवणींचे थर एकावर एक आलेले असतात आणि पाठीला कागद असल्यामुळे ती ताठ राहते, तर तिला जोडायच्या भागाची कड काही ठिकाणी उरेब, म्हणजे विणीला तिरपी, असल्यामुळे किंचित ताणली तरी वाढते. मशीनचे दाते खालचे कापड पुढे ढकलतात आणि वरचे कापड दाबपट्टीखाली थोडे मागे रेंगाळते. सरळ शिवणीत हा फरक टाचण्यांनी आवरता येतो. वळणावर मात्र एक टोक मिलिमीटरभर कापले जाते आणि शेजारचे तेवढेच अधांतरी राहते. टोके सगळी सारखीच बोथट असती तर कदाचित नजरेतून सुटली असती, पण असा असमानपणा लगेच डोळ्यांत भरतो. कसलेली मंडळी मशीनवरही वळण निर्दोष शिवतात, हे मी नाकारत नाही. माझ्या हाताला जी पद्धत अधिक भरवशाची वाटते, ती मी निवडली.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगितले, तर देखाव्याचा आक्षेप बहुधा उरणार नाही. कमान शिवून झाली की कागद सगळा काढायचा नाही. वळणाच्या रेघेवर कागद दुमडून फक्त पाव इंच मायेवरची, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडावरची, पट्टी फाडायची, म्हणजे उरलेल्या कागदाची कड हीच शिवणीची रेघ होते. कमान आणि दुसरा भाग या दोहोंचा मध्य आणि त्यानंतरचे चतुर्थांश दुमडून, नखाने खुणा करून घ्यायच्या, त्या खुणा एकमेकींवर आणून टाचण्या कडेला काटकोनात लावायच्या आणि कमान आपल्याकडे ठेवून धावदोरा घालायचा. खालचे कापड तर्जनीवरून वळवून धरले की त्याची कड आपोआप पसरते, चुणी पडत नाही, आणि आतल्या वळणाच्या मायेला चिरा देण्याची वेळ क्वचितच येते. किरणाच्या टोकापाशी आले, की जिथे दोन शिवणी एकमेकींना छेदतात त्या बिंदूच्या एक धागा बाहेरून सुई घालायची, जोड उलटून पाहायचा आणि मगच दोरा ओढायचा. मशीनवर असे दर टाक्याला थांबून पाहणे शक्य असले, तरी ते कोणी करत नाही.

कागद आणि हातशिलाई यांची सांगडही काही माझी नवी टूम नाही. इंग्लंडमधील क्विल्टर्स गिल्ड या क्विल्ट करणाऱ्यांच्या संस्थेच्या संग्रहात १७१८ हे साल तुकड्यांतच जोडून घातलेले एक रेशमी आच्छादन आहे. त्याचे तुकडे कागदी साच्यांवर बेतून हाताने जोडलेले आहेत आणि ते कागद अजूनही आत आहेत. ती पद्धत वेगळी, हे खरे. तिथे कापड कागदाभोवती दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवतात आणि मग कडांना कडा जोडतात, तर माझ्या पद्धतीत कागदावरूनच टीप मारली जाते. तरी कागदाने आकार धरून ठेवायचा आणि सुईने जोडायचे, हे तत्त्व दोन्हींत एकच आहे.

टिकाऊपणाबद्दल फार लिहीत नाही. बाहीच्या शिवणीवर जसा सतत ताण येतो, तसा क्विल्टमधल्या जोडावर येत नाही, कारण वरचा थर, मधला कापूस आणि अस्तर या तिन्ही थरांतून नंतर टाके जातात आणि भार वाटला जातो. मी दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटा टाका घेते, त्यामुळे दोरा एका ठिकाणी तुटला तरी शिवण पुढे उसवत जात नाही. जोड उघडे पडतात ते बहुतेक वेळा माया कमी ठेवल्यामुळे किंवा विरळ विणीच्या कापडाचे धागे निसटल्यामुळे, आणि त्यावर मशीनची टीपही इलाज करू शकत नाही.

आता गलबल्याविषयी. तुकड्यांच्या क्विल्टमध्ये रंग कितीही आले तरी चालतात. गडद आणि फिका यांतला भेद मात्र सुटता कामा नये. किरण सगळे गडद आणि त्यांच्यामधल्या जागा सगळ्या फिक्या, एवढा एक नियम मी पाळला आहे. जे कापड धड गडद नाही आणि धड फिकेही नाही, ते कितीही आवडते असले तरी बाजूला ठेवले, कारण गोंधळ माजवतात ती अशीच मधली कापडे. तुकडे मांडून मोबाइलवर त्यांचे कृष्णधवल छायाचित्र काढले की ती लगेच उघडी पडतात. आपण खालच्या ओळीतल्या ज्या एका किरणाकडे बोट दाखवले आहे, तो पिवळ्यावर गडद निळी पाने असलेल्या कापडाचा आहे आणि त्यातले एक पान नेमके शेजारच्या निळ्या तुकड्याला मिळाल्यामुळे तिथे कड विरघळून गेली आहे. तो माझ्या नियमाला अपवाद आहे, आणि मी तो समजून-उमजून तसाच ठेवला. सगळ्या किरणांच्या कडा रेखीव असताना एखादी अशी हरवली, तर मला ते पाहायला आवडते. आपल्याला खटकले, याबद्दल तक्रार नाही.

कापड वाया जाते, हा आपला मुद्दा मात्र मान्य. कागदावर शिवताना तुकडा पूर्ण आकारापेक्षा सर्व बाजूंनी मोठा घ्यावा लागतो, नाही तर उलटल्यावर तो मायेपर्यंत पोचत नाही, आणि शिवण घातल्यावर जादा भाग कापून टाकावा लागतो. काटकसर हाच हेतू असेल, तर साच्याने मोजून तुकडे कापणे किंवा १७१८ च्या त्या आच्छादनाची पद्धत अधिक किफायतशीर ठरेल. तरीही मी कागदी पाया निवडला, कारण उरलेल्या तुकड्यांचा उभा-आडवा धागा हवा तसा मिळत नाही. अरुंद, तिरका, एका बाजूने कातरलेला तुकडा एरवी शिवताना ताणला जाऊन झोळ देतो. कागद त्याला जागच्या जागी धरून ठेवतो आणि एरवी फेकला गेला असता असा तुकडाही वापरता येतो. वाया जाणाऱ्या कातरणांच्या बदल्यात हे मिळते, आणि हा सौदा मला परवडतो.

याच कारणामुळे आपण अखेरीस विचारलेल्या प्रश्नाचे, म्हणजे कागद केव्हा काढावा याचे उत्तर, वळणाचे दोन्ही जोड पूर्ण झाल्यानंतर, असे आहे. आधी काढला तर कमानीच्या कडेला आलेले उरेब तुकडे हाताळतानाच ताणले जातात आणि चौकोन सपाट बसत नाही. कमानी शिवताना मशीनचा टाका दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवलेला असेल तर कागदाला दाट भोके पडतात; मग टाक्यांवर अंगठा दाबून, शिवणीच्या रेघेवर कागद एकदा दुमडला की तो सहज सुटतो. किरणांच्या टोकांत अडकलेले कपटे चिमट्याने काढावेत, आणि इस्त्री फिरवण्याऐवजी नुसती दाबून, माया कमानीकडून सपाट भागाकडे वळवावी.