पोटमाळ्यावरची प्रत्येक चकमकीची बंदूक 1775 ची नसते

अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. थोडक्यात तो असा: "अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात (1775-83) साध्या शेतकऱ्यांनी भिंतीवरची शिकारीची रायफल उचलली, झाडाआडून नेम धरला आणि इंग्रजांना हरवलं. म्हणून न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या) जुन्या घरात चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडणारी, बंदूक सापडली तर ती त्या मिलिशियाचीच, म्हणजे गावोगावच्या नागरिक-सैन्याचीच. सोबत पूर्वजाचं नाव असलेला कागद असेल तर प्रश्नच मिटला."

सुरुवात रायफलपासून करू. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. नेम लांबवर लागतो, पण गोळी घट्ट ठासायला वेळ जातो आणि त्या काळच्या रायफलला संगीन लावायची सोय नसे. न्यू इंग्लंडमध्ये रायफल दुर्मीळच होती, रायफलवाल्यांच्या तुकड्या अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने जून 1775 मध्ये पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि व्हर्जिनियातून उभ्या केल्या. युद्धाच्या पहिल्याच दिवशी, 19 एप्रिल 1775 ला, मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन-कॉनकॉर्डच्या रस्त्यावर लढलेल्यांच्या हातात मुख्यतः गुळगुळीत नळीची मस्केट होती, नाहीतर पक्षी मारायची लांब बंदूक. दिवसभरात हजारो मिलिशियावाले रस्त्याच्या कडेला जमले, तरी ब्रिटिशांचे मेले 73. अचूक नेमबाजीची ती दंतकथा या आकड्यापाशी अडखळते.

'घरची बंदूक' हा भाग मात्र निम्मा खरा आहे. त्या लढाईनंतर बोस्टनमधला ब्रिटिश सेनापती जनरल गेज याने बोस्टनकरांना सांगितलं, शहर सोडायचं तर शस्त्रं जमा करा. जमा झाल्या 1,778 बंदुका, 634 पिस्तुलं, 973 संगिनी आणि 38 ब्लंडरबस (रुंद तोंडाच्या आखूड बंदुका). म्हणजे लोकांकडे हत्यारं होती. पण घरच्या बंदुकांवर आठ वर्षांचं युद्ध चालत नाही. फेब्रुवारी 1776 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन चक्क धनुष्यबाण वापरायला सुचवत होते, आणि ते थट्टेने नव्हे! ही तंगी बऱ्याच अंशी भागवली फ्रान्सने. 1777 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या पोर्ट्समथ बंदरात फ्रेंच जहाजं लागली, तेव्हापासून .69 इंच व्यासाच्या नळीची 'शार्लव्हिल' मस्केट सैन्यात रुळली. पुढे स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्याने 1795 चं पहिलं मॉडेल काढलं तेही तिच्यावरूनच.

याच्या उलट टोकाचा दावाही झाला होता, की तेव्हा फारच थोड्यांकडे बंदुका होत्या. 2000 साली एका इतिहासकाराने मृतांच्या मालमत्तेच्या याद्या मोजून तो मांडला आणि त्याला मानाचं बँक्रॉफ्ट पारितोषिकही मिळालं. मग इतरांनी त्याच याद्या तपासल्या. आकडे जुळेनात. त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या नोंदींचा हवाला होता त्या 1906 च्या भूकंप-आगीत गेलेल्या! 2002 मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आलं. संग्राहकांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं, कारण कागद नीट न तपासण्याची आळशी सवय दोन्ही बाजूंना आहे.

आता 'चकमकीची म्हणजे 1775 ची' हे. अमेरिकन सरकारी कारखाने 1840 च्या दशकापर्यंत चकमकीच्या बंदुका बनवत होते, आणि एकट्या 1816 च्या मॉडेलच्या लाखो निघाल्या. 1792 च्या मिलिशिया कायद्याने 18 ते 45 वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र गोऱ्या पुरुषाला स्वतःची मस्केट, संगीन, दोन जादा गारगोट्या आणि किमान 24 काडतुसांची पेटी बाळगायला लावली. 1808 पासून केंद्र सरकार राज्यांच्या मिलिशियाला हत्यारं देण्यासाठी वर्षाला 2 लाख डॉलर खर्चू लागलं. मिलिशियाची बंदूक खरीच असू शकते, पण 1810 ची किंवा 1825 ची. नळीवर 'एसएनवाय' दिसलं तर ती न्यूयॉर्क राज्याची मालमत्ता. त्यात कमीपणा कसला? मला तर वॉशिंग्टनच्या नावावर विकल्या जाणाऱ्या बेनामी बंदुकीपेक्षा ती जास्त आवडते.

'यूएस' छापावर तर मुळीच भुलू नये. सरकारी हत्यारांवर खूण मारायचं 1777 मध्ये ठरलं हे खरं, पण ठसा आजही कुणीही मारू शकतो. दुसरी मेख चापाच्या यंत्रणेत. 1840 नंतर असंख्य बंदुका गारगोटीऐवजी, घोडा आपटताच पेटणाऱ्या तांब्याच्या टोपीवर चालणाऱ्या करून घेतल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच नंतर नव्या भागांनी पुन्हा चकमकीच्या केल्या, कारण तशा जास्त किमतीला जातात. चापाच्या पट्टीवरची बुजवलेली भोकं, रंजकाच्या (ठिणगी आतल्या दारूपर्यंत नेणाऱ्या) भोकाभोवती नव्याने बसवलेला धातू आणि बाकीच्या लोखंडाहून वेगळा गंज दिसला की हात आखडावा.

राहिला कागद. मिलिशियाच्या हजेरीपटात माणसं असतात, बंदुका नसतात. कप्तानाने वर पाठवलेल्या तपशिलात 'मस्केट इतक्या, संगिनी इतक्या' एवढंच. तेव्हाच्या बहुतेक बंदुकांवर क्रमांक नसे, त्यामुळे कोणती कुणाची हे त्यातून कळत नाही. मतदार यादीत आजोबांचं नाव आहे म्हणून कपाटातलं घड्याळ त्यांचंच ठरत नाही, तसंच हे. 1832 च्या पेन्शन कायद्याखाली म्हाताऱ्या शिपायांनी कोर्टात दिलेल्या जबान्या वाचनीय आहेत, पण त्या पन्नास वर्षांनंतरच्या आठवणी. मी असे कागद वेगळे विकत घेतो, बंदुकीला चिकटवून वाढवलेल्या भावात नाही.

आणि एक धागा आपल्याकडचा. ब्राउन बेस म्हणजे ब्रिटिश सैन्याची मस्केट. तिचा 39 इंच नळीचा 'इंडिया पॅटर्न' प्रकार मुळात ईस्ट इंडिया कंपनीसाठी बनला. ब्रिटिश सैन्याने ती बंदूक 1797 मध्ये, म्हणजे अमेरिकन युद्ध संपून चौदा वर्षं झाल्यावर घेतली. ती मराठ्यांविरुद्ध 1803 मध्ये असू शकते, कॉनकॉर्डला नाही. तरीही 'रिव्होल्यूशनरी वॉर'ची चिठ्ठी लावून ती विकायला दिसते. 2003 मध्ये काठमांडूच्या जुन्या शस्त्रागाराचा मोठा साठा अमेरिकेत विकायला आला, त्यातही ब्राउन बेस होत्या. म्हणून आधी नळी मोजा, गोष्ट नंतर ऐका.