डोक्यावर अंक नसलेला बोल्ट

म्हापशातल्या एका गॅरेजातून काल मोटरसायकल सर्व्हिसिंग करून आणली आणि आज धुताना पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे चकतीला दाबून धरणाऱ्या भागाला, एक परका बोल्ट दिसला. त्याच्या डोक्यावर ताकद सांगणारा अंक नाही, ८.८ नाही, १०.९ नाही, बनवणाऱ्याची खूणही नाही. असला बोल्ट फाटकाच्या बिजागरीला लावावा. ८.८ म्हणजे काय, तर दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत ताण सोसणारे आणि त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० ला, कायमचे ताणले जाऊ लागणारे पोलाद. कोऱ्या डोक्याचा बोल्ट यातले काहीच सांगत नाही, आणि चोर्ला घाट उतरताना ब्रेक दाबणाऱ्याने त्याच्यावर भरवसा ठेवायचा!

जाब विचारला तर उत्तर मिळाले, "दहाचाच आहे, घट्ट बसलाय, आणखी काय पाहिजे?" घट्ट बसणारच, कारण तो आटे कापत आत गेला आहे. दहा मिलिमीटरच्या बोल्टांत १.५ अंतराचे आटे असतात तसे १.२५ चेही असतात, आणि माझ्या गाडीच्या भोकाला १.२५ चे हवे होते. पहिल्या दोन फेऱ्यांतच हाताला अडलेले कळते. तिथे थांबून दुसरा बोल्ट शोधायचा असतो, पण बोल्ट आवळायची हवेची गन हातात असली की हाताला काय कळणार? ॲल्युमिनियमच्या फोर्कमधले आटे आता गेले आहेत आणि तिथे हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवण्याचा खर्च माझ्या माथी आला आहे. नेमक्या जोराने आवळणारा टॉर्क पाना मात्र गॅरेजच्या भिंतीवर धूळ खात टांगलेला आहे.

हीच माणसे सायलेन्सरला नायलॉक नट लावतात, ज्यातले नायलॉन साधारण १२० अंशांपुढे मऊ पडते आणि नटाची पकड जाते. हार्डवेअरवाले तर समुद्राच्या हवेचे नाव घेऊन कुठेही स्टेनलेसचे बोल्ट खपवतात. गंज कमी चढतो हे मान्य, पण ए२-७० या स्टेनलेसच्या प्रतीचा बोल्ट ८.८ च्या ६४० न्यूटनऐवजी ४५० लाच ताणला जाऊ लागतो, आणि खारट ओलाव्यात ॲल्युमिनियमला चिकटून राहिला तर ते ॲल्युमिनियमच खातो. मागच्या एक्सलचा नट सुटू न देणारी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा वाकवणाऱ्यांबद्दल तर बोलूच नये. नवी पिन एका चहापेक्षा स्वस्त मिळते.