ॲव्हरेज पडलं म्हणून लगेच इंजिन उतरवू नका

जुन्या पेट्रोल गाड्यांबद्दलचा एक सल्ला सध्या कोल्हापुरात मोबाईलवर फिरतोय. ॲव्हरेज पडलं, सकाळी सेल्फ लांबायला लागला, की दोष ई-20 पेट्रोलचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. थर्मोस्टॅट (इंजिनच्या कूलंटची, म्हणजे थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, तरी भागलं नाही तर हाफ इंजिन करा, म्हणजे हेड उतरवून पिस्टनच्या रिंगा बदला. हा सल्ला ऐकून लोक चांगली इंजिनं खोलतायत, म्हणून हे लिहितोय.

पेट्रोलचा दोष आहे, पण किती? इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे वीस टक्के मिश्रणात घट सहा-सात टक्के. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी हाच अंदाज आहे. लिटरला 15 देणारी गाडी 14 वर येईल. ती 10 वर आली असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. जुन्या रबरी नळ्या आणि सील मात्र जरूर बघून घ्या.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा. तो साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो, तोवर इंजिन लवकर तापू देतो. काढला, किंवा उघडाच अडकला, की इंजिन थंड राहतं आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो. गगनबावड्याच्या पावसात टेम्परेचरचा काटा मधल्या खुणेपर्यंत चढतच नसेल तर आधी इथेच बघा. टेम्परेचर सेन्सर बिघडला तरी हेच होतं. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर (ईसीएममधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा: कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. उणे चाळीस दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर तुटली आहे. प्लगवर काळी काजळी असेल तर मिश्रण जाड होतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय.

सकाळच्या स्टार्टिंगसाठी एक बिनखर्चाची परीक्षा आहे. चावी ऑन करा, गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाची घरघर थांबू द्या, बंद करा. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. गाडी पटकन उठली, तर रात्रीत पेट्रोलच्या लाईनमधलं प्रेशर उतरतंय. पंपाचा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर बघायचा. सेल्फच मरगळलेला फिरत असेल तर बॅटरी.

राहिलं हाफ इंजिन. रिंगा खरंच गेल्या असतील तर सहसा निळा धूर दिसतो, ऑइल कमी होतं. उद्यमनगरात मिस्त्रींना आधी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावायला सांगा. सगळ्या सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे आणि कंपनीच्या मर्यादेत आले, तर हेड उचलू देऊ नका.