कुर्र-कट्

गेल्या जूनपासून माझी सायकल बोलते. ‘कुर्र-कट्’. सपाटीवर गप्प, पौड रस्त्याने चांदणी चौकाचा चढ लागला की सुरू. पहाटे फिरायला निघालेले आजोबा मागे वळूनही न बघता बाजूला होतात. बहुधा बैलगाडी आली असं वाटत असावं.

पहिला आठवडा मी कानाडोळा केला. दुसऱ्या आठवड्यात चेनला तेल पाजलं. इतकं पाजलं, की दोन पँटी कामातून गेल्या. आवाज होता तसाच.

मग म्हटलं, जरा शास्त्रशुद्ध पद्धतीने जाऊ. आवाज चाकाच्या फेरीबरोबर येत असेल तर दोष चाकात. पायडलच्या फेरीबरोबर येत असेल तर पायडल, क्रँक नाहीतर बीबीत. क्रँक म्हणजे पायडल बसतं तो दांडा, आणि बीबी म्हणजे दोन्ही क्रँक ज्या आसाला जोडलेले असतात त्याचं बेअरिंग. चढावर फेऱ्या मोजायच्या, आवाज मोजायचे आणि श्वासही घ्यायचा, ही तीन कामं एका माणसाची नव्हेत. तरी निकाल लागला: दर फेरीला एक कुर्र, एक कट्. म्हणजे पायडलच!

डावं पायडल ढिलं असणार म्हणून पाना लावून आवळायला बसलो. आवळतोय, आवळतोय, आणि पायडल हातात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर ते चालवता चालवता सुटून येईल, हे माझ्याखेरीज सगळ्या जगाला ठाऊक होतं. “अहो, आमच्या बाबांच्या सायकलचंही तसंच होतं,” ही कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता म्हणाली. तिची मोजणी चुकली नाही.

शेवटी दुकान गाठलं. तिथल्या पोराने गल्लीत एक चक्कर मारली. सायकल मुकी! हा पोरगा पन्नास किलोचा, मी शहाऐंशी. त्याच्यापुढे ती कशाला तोंड उघडेल? “बीबी गेली असंल, काका. बदलून टाकू.” बदलली. दुसऱ्या दिवशी चढावर नवी कोरी बीबी घेऊन कुर्र-कट्.

परत गेलो, तेव्हा पोराने विचारलं, “काका, उभं राहून मारून बघितली का?”

पंचावन्नाव्या वर्षी चढावर उभं राहून? बसून पोचतो हेच खूप! पण गेलो. बूड सीटवरून उचललं आणि आवाज बंद. टेकवलं, कुर्र. उचललं, शांत. एक रिक्षावाला वेग कमी करून हा प्रकार बघत होता.

सीट पिलर, म्हणजे सीटखालचा फ्रेममध्ये बसणारा दांडा, कोरडा पडला होता. उजव्या पायाचा दाब आला की वजन कलायचं आणि पिलर फ्रेममध्ये कुरकुरायचा, म्हणून हिशेब पायडलशी जुळायचा. त्यात फ्रेमच्या नळ्या पोकळ. वरचं रडगाणं खालून ऐकू यायचं. पोराने पिलर उपसला, फडक्याने पुसला, बोटभर ग्रीस फासलं, परत बसवला. वीस रुपये.

आता सायकल निःशब्द चालते आणि आजोबा हलत नाहीत. परवा एकाच्या काठीत चाक अडकता अडकता वाचलं. म्हणून घंटी बसवून घेतली. चांगली पितळेची आहे. फक्त चांदणी चौकाच्या चढावर ती न वाजवताच बारीक किणकिणते. चाकाच्या फेरीला की पायडलच्या, ते उद्या मोजणार आहे.